सेंपोर्नाला मुक्काम गावात करावा की थेट बेटावर? सोबत सासूबाई आहेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मलेशियातल्या सेंपोर्नाला पाच-सहा दिवस जाताय. नवरा डायव्हिंग करतो, तुम्ही लाइफ जॅकेट घालून पाण्यावर तरंगता, आणि सासूबाई साठी ओलांडलेल्या, शाकाहारी. गावाबद्दल ‘घाण आहे, वास मारतो, उतरलात की लगेच बोट पकडा’ असं सगळीकडे वाचलंत. म्हणून गावात एकही रात्र न काढता सरळ बेटावरच्या रिसॉर्टला जावं का, आणि तो भाग सुरक्षित आहे का, असं विचारताय.

मी दोनदा गेलोय. पहिल्यांदा तुमच्यासारखंच वाचून गाव टाळलं. दुसऱ्यांदा पैसे वाचवायचे म्हणून चार रात्री गावातच राहिलो. आज कुणी विचारलं तर मी म्हणेन, तुमच्या तिघांसाठी गावच बरं. फक्त नवऱ्याला मधल्या दोन रात्री बेटावर पाठवा, किंवा तिघंही जा, पण सुरुवात आणि शेवट गावात ठेवा.

आधी घाणीचं बोलू, कारण ती खरी आहे. धक्क्यावरून खाली पाहिलं की भरतीबरोबर आत आलेलं आणि ओहोटीला खांबांत अडकलेलं प्लास्टिक दिसतं. गावाचा मोठा भाग पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभा आहे. घराघरांत जायला लाकडी फळ्यांचे पूल, आणि तिथे घंटागाडी पोचणार कशी? कचरा खाली पडतो आणि समुद्र तो पुन्हा आणून देतो. गंमत म्हणजे मलय भाषेत ‘सेंपुर्ना’ म्हणजे परिपूर्ण. शब्द आपल्याच घरचा आहे, संस्कृत ‘संपूर्ण’ समुद्रापार जाऊन तिकडचा झाला. भाषेला तिकडे ‘बहासा’ म्हणतात आणि नवऱ्याला ‘सुआमी’. सासूबाईंना हे जरूर सांगा, प्रवासभर पुरेल.

पण घाण टाळायला मबुल बेटावर गेलात तर ती चुकेल असं समजू नका. मबुलवर एका बाजूला रिसॉर्टचे पाण्यावरचे बंगले आणि कुंपणाला लागूनच दाटीची वस्ती, तोच कचरा. माझ्या पहिल्या खेपेला मी तिथे बाल्कनीत बसून चिडचिड करत होतो की जाहिरातीत हे नव्हतं. कापालाईवर वस्ती नाही, पण ते धड बेटही नाही. पाण्याखालच्या वाळूच्या पट्ट्यावर खांब रोवून बांधलेलं रिसॉर्ट आहे. फोटोत सुरेख दिसतं, पण संध्याकाळनंतर लाकडी पुलावर फेऱ्या मारण्यापलीकडे करायला काही नाही. सासूबाई दुसऱ्या दिवशी कंटाळतील.

गावात सकाळी साडेसहाला मासळी बाजारात जा. सासूबाईंना हॉटेलात झोपू द्या, हा भाग त्यांच्यासाठी नाही. निळे-हिरवे पोपटमासे, माणसाच्या मांडीएवढे ट्युना, टोपलीत हालचाल करणारे खेकडे, सुकवलेली मासळी. शेजारीच समुद्री शेवाळाचे ढीग. या भागात शेवाळाची शेतीच होते. पाण्यावर दोर ताणून त्यावर ते वाढवतात, आणि त्यातून निघणारं कॅराजिनन आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत सगळ्यांत घट्टपणासाठी घालतात. खाण्याचं शेवाळ वेगळं, त्याला ‘लातोक’ म्हणतात. मोत्याएवढ्या द्राक्षांचा घोस वाटावा असं, दाताखाली फुटतं आणि खारट पाणी सुटतं. लिंबू पिळून कच्चं खातात. मला आवडलं, बायकोने तोंड वाकडं केलं.

आणखी एक चीज म्हणजे ‘तेहे-तेहे’. सी अर्चिनचं, त्या काटेरी गोळ्याचं, कवच साफ करून त्यात भात शिजवतात. वर काढताना भाताला कवचाचाच आकार आलेला असतो. हे बजाऊ लोकांचं जेवण. सोबत ‘पुतू’ असतो, म्हणजे किसलेला कसावा (साबुदाणा ज्यापासून करतात तो कंद) वाफवून केलेला. एकट्याने खाल्ला तर कोरडा लागतो, मासळीबरोबर छान.

बजाऊंबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण बेटांच्या सहलीत ते तुम्हाला भेटणारच आणि बोटवाला काही सांगणार नाही. बजाऊ लाउत म्हणजे पिढ्यान्पिढ्या होडीत राहणारे लोक. त्यांच्या होडीला ‘लेपा’ म्हणतात. दर एप्रिलमध्ये सेंपोर्नाला ‘रेगाटा लेपा’ भरतो, 1994 पासून, आणि तेव्हा रंगीत शिडांनी सजवलेल्या होड्यांनी बंदर भरून जातं. तुमच्या तारखा जुळत असतील तर तेवढ्यासाठी गावात राहा. हे लोक श्वास रोखून खोल बुड्या मारतात. इंडोनेशियातल्या बजाऊंवर 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची प्लीहा शेजारच्या जमातीपेक्षा सुमारे दीडपट मोठी निघाली. प्लीहा आकसली की साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात येतात, म्हणजे प्राणवायूचा राखीव साठाच.

पण सेंपोर्नाच्या आसपासच्या अनेक बजाऊंकडे कुठल्याच देशाचं नागरिकत्व नाही. कागद नाहीत म्हणून सरकारी शाळा नाही, रीतसर नोकरी नाही. जून 2024 मध्ये सागरी उद्यानातल्या बेटांवरची त्यांची कितीतरी घरं सरकारने पाडली. कारण सुरक्षेचं आणि अनधिकृत बांधकामाचं दिलं गेलं. त्यामुळे जुन्या फोटोत दिसणारी खांबांवरची टुमदार वस्ती तुम्हाला तिथे दिसली नाही, तर का दिसली नाही हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

मुलं छोट्या होड्या वल्हवत पर्यटकांच्या बोटीला येऊन भिडतात आणि हात पसरतात. मी पहिल्या खेपेला बिस्किटांचे पुडे फेकले. चार होड्या एकमेकींवर आदळल्या, एक पोरगी पाण्यात पडली. तिला पोहता येत होतं, पण माझा दिवस तिथेच संपला. फेकू नका. काही घ्यायचंच तर होडीतून खेकडे, शहाळी विकणाऱ्या बायकांकडून विकत घ्या, ते व्यवहारात बसतं. आणि फोटो काढण्याआधी निदान नजरेने तरी विचारा.

आता बेटं. तुमच्या आणि सासूबाईंच्या कामाचं आहे ते तुन साकारान सागरी उद्यान, 2004 मध्ये घोषित झालेलं, आठ बेटांचं. गावातून सकाळी आठ-नऊला बोटी निघतात आणि दुपारी परत येतात. बोहे दुलांग हे जुन्या ज्वालामुखीच्या कड्याचा उरलेला तुकडा आहे. वर चढलं की खाली फिरोजी सरोवरासारखं पाणी दिसतं, पण चढण खडी, दमट आणि पाऊस पडला की निसरडी. चपला घालून जाऊ नका. पाऊस असला तर चढूच देत नाहीत. सासूबाईंनी खाली थांबावं. तिथे उद्यानाचं ठाणं आहे आणि महाकाय शिंपल्यांचं संवर्धन केंद्र. हौदातले शिंपले निळ्या-जांभळ्या ओठांचे असतात. कड्यावर घामाघूम होण्यापेक्षा मला तेच जास्त आवडलं, खरं सांगायचं तर. सिबुआनला पांढरी वाळू आणि कमरेएवढं स्वच्छ पाणी, त्यामुळे पोहता न येणाऱ्यालाही मजा येते. मांताबुआनची प्रवाळं या तिन्हींत चांगली.

बोटीबद्दल एक सूचना, जी आम्हाला कुणी दिली नाही. या वेगवान बोटी असतात आणि लाटेवर पुढचं टोक आपटतं. सासूबाईंना मागे, इंजिनाजवळ बसवा. आवाज असतो, पण कंबर वाचते. ओहोटीला धक्का आणि बोट यांत बरंच अंतर पडतं, तेव्हा चढ-उतार करताना बोटवाल्याचा हात धरायला लाजू नका. जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र जास्त खवळतो आणि पाणीही गढूळ होतं. त्या महिन्यांत वयस्कर माणसाला न्यायचं मी टाळेन.

नवऱ्याचं सिपादान वेगळं प्रकरण आहे. समुद्राच्या तळापासून सुमारे 600 मीटर सरळ वर आलेलं बेट. किनाऱ्यापासून थोडं गेलं की भिंतीसारखा कडा सुटतो. कासवं इतकी की दुसऱ्या दिवशी माणूस त्यांच्याकडे बघत नाही. या बेटावर मलेशिया आणि इंडोनेशिया दोघांचा दावा होता. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने डिसेंबर 2002 मध्ये ते मलेशियाला दिलं. ब्रिटिश अमदानीपासून तिथली कासवांची अंडी गोळा करण्यावर तिकडच्या सरकारचे नियम होते, हा निकालातला एक मोठा मुद्दा. कासवाच्या अंड्यांवरून देशाची हद्द ठरल्याची दुसरी गोष्ट मी ऐकलेली नाही.

तिथे राहायला 2004 च्या अखेरपासून बंदी आहे, आणि दिवसाला मोजकेच परवाने मिळतात. बरीच वर्षं ते 120 होते, नंतर वाढवले. परवाना नावाने आणि तारखेने निघतो. नुसतं स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावरूनच खाली बघणाऱ्यालाही तो लागतो. डायव्हिंगसाठी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ प्रमाणपत्र मागतात, तेव्हा नवऱ्याकडे फक्त पहिला कोर्स असेल तर आधी विचारून घ्या. मी दुसऱ्या खेपेला धक्क्यावरच्या एका दलालाकडून ‘उद्या सिपादान पक्कं’ म्हणून पैसे भरले. सकाळी बोट निघाली मबुलला. विचारलं तर म्हणाला, तेही तसंच आहे. तसंच नाही. मबुल चिखल-वाळूत दडलेले चिमुकले जीव बघायचं ठिकाण, तेही अप्रतिम, पण वेगळं. पैसे परत मिळाले नाहीत. परवान्यावर स्वतःचं नाव पाहिल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

पाण्याखाली कधीकधी लांबून ‘धप्प’ असा आवाज येतो आणि छातीत जाणवतो. नवऱ्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दचकेल. बाटलीत स्फोटकं भरून मासे मारायची पद्धत बेकायदा असली तरी अजून चालते. ढासळलेल्या प्रवाळाचे ढिगारे दिसले तर त्यामागे हेही एक कारण.

सुरक्षिततेचं विचारलंत. एप्रिल 2000 मध्ये सिपादानवरून 21 जणांचं अपहरण झालं होतं, आणि पुढेही या किनाऱ्यावर असे प्रकार घडले. 2013 पासून इथे वेगळी सुरक्षा यंत्रणा आहे, आणि संध्याकाळी सहा ते सकाळी सहा समुद्रात फिरायला मनाई असते. म्हणून सहली लवकर परततात, बोटवाला घाई करतो म्हणून चिडू नका. आम्हाला गावात रात्री नऊपर्यंत फिरताना काही त्रास झाला नाही. पाकीट-मोबाइल सांभाळावा एवढंच. सेंपोर्ना मलेशियाच्या सबाह राज्यात येतं. प्रवास विमा काढताना मात्र पूर्व सबाह त्यातून वगळलेला नाही ना, हे वाचून घ्या. डायव्हिंगचंही तेच.

सासूबाईंचं जेवण हा खरा प्रश्न, आणि गावात राहा म्हणण्याचं माझं मोठं कारणही. रिसॉर्टला जे वाढतील ते खावं लागतं. गावात भारतीय मुस्लिम पद्धतीची साधी हॉटेलं आहेत. तिथे ‘रोटी चानाय’ म्हणजे पदर सुटणारा परोठा, सोबत डाळ. डाळीत मासळी-मटणाचा रस्सा घातलेला नाही ना, हे विचारा. भाजी मागताना ‘ताक माउ बेलाचान’ म्हणायला शिकवा. बेलाचान म्हणजे कोळंबीचा कुजवलेला ठेचा. हिरवी दिसणारी भाजीही बऱ्याचदा त्यातच परतलेली असते. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बरीच हॉटेलं बंद असतात. घरून मेतकूट, थालीपिठाची भाजणी, थोडा चिवडा न्या, लाज कसली. तुम्हाला मासे खायचे असतील तर काचेच्या टाकीतला जिवंत मासा निवडताना किलोचा दर आणि वजन दोन्ही आधी ठरवा. आम्ही वजन विचारलं नव्हतं.

पोचायचं कसं: मुंबईहून क्वालालंपूर, तिथून तवाऊ पावणेतीन तासांच्या आसपास, मग पाम तेलाच्या मळ्यांमधून रस्त्याने तास-दीड तास. भारतीयांना डिसेंबर 2023 पासून 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण सवलत मुदतीची आहे, तिकिटाआधी तपासा. आगमनाचं डिजिटल कार्ड मलेशियात पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं. सबाहचं इमिग्रेशन वेगळं असल्यामुळे देशांतर्गत विमानातून उतरलात तरी पासपोर्ट पुन्हा दाखवावा लागतो, म्हणून तो सामानात टाकू नका. रोख रिंगिट गावातच काढून घ्या.

आणि क्रम असा ठेवा: आधी सिपादानच्या परवान्याची तारीख, मग विमानाचं तिकीट. शेवटच्या डायव्हनंतर निदान 18 तास, शक्यतो 24, विमानात बसायचं नसतं. तो दिवस गावात काढा. दुपारच्या ओहोटीला धक्क्यावर बायका शेवाळ वाळत घालतात, सासूबाईंना आमच्या आईसारखंच तिथे बसून त्यांच्याशी खाणाखुणांनी बोलायला आवडेल.