कार्ड कोणाचं, हे सगळ्यात शेवटी

नवं ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं घ्यायचं की एएमडीचं, हा वाद थोडा बाजूला ठेवा. आधी तुमचं जुनं कार्डच अडवतंय का ते तपासा. गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघा. तरीही एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढत नसेल तर अडचण बहुधा प्रोसेसरची आहे, नवं कार्ड घेऊन पैसे वाया जातील.

कॅबिनेट उघडून पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा. एकूण वॅटपेक्षा १२ व्होल्टवर किती अँपिअर मिळतात ते महत्त्वाचं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, एएमडीच्या आरएक्स ७६०० ला १६५. कार्डाला वीज देणारी आठ पिनांची वायर नसेल तर मोलेक्सचा (जुन्या चार पिनांच्या प्लगचा) जोड लावून भागवू नका. तो तापून वितळू शकतो.

ही दोन्ही कार्डं मदरबोर्डशी जोडायला आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतात. पीसीआयई ३.० च्या, म्हणजे कार्डाचा स्लॉट जुन्या, हळू पिढीचा असलेल्या बोर्डावर कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की उरलेला डेटा त्या अरुंद वाटेने रॅममधून येतो आणि गेम अडखळतो. इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी आहे, पण रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या बोर्डावर ते घेऊच नका.

ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) किंवा एआयचं काम असेल तर कुडामुळे, म्हणजे कार्डावर आकडेमोड करून घेणाऱ्या तिच्या स्वतःच्या प्रणालीमुळे, एनव्हिडियाच घ्या. लिनक्सवर गेम खेळायचे असतील तर माझा कौल एएमडीला, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) असतो.

कंपनी बदलताना जुना ड्रायव्हर विंडोजच्या सेफ मोडमध्ये डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) या प्रोग्रॅमने काढा. आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डला लावा.