२० बाय १५ फुटांच्या स्लॅबला ४५ गोण्या सिमेंट लागतं का?

तुमचा हिशोब २८ गोण्यांचा आणि ठेकेदार मागतोय ४५, म्हणून तुम्हाला शंका आलीय. मला ठेकेदाराचा आकडा रास्त वाटतो. तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण त्यात बीम धरलेलेच नाहीत.

२० × १५ फूट, जाडी ५ इंच म्हणजे १२५ घनफूट. ही नुसती वरची पाटी झाली. चारही बाजूंचे बीम ९ इंच रुंद आणि १८ इंच खोल धरू. त्यातले वरचे ५ इंच स्लॅबमध्ये आलेच, म्हणून खालचे १३ इंच तेवढे घ्यायचे. कोपरे दोनदा न मोजता लांबी ६७ फूट भरते, म्हणजे साधारण ५४ घनफूट. एकूण १७९, सांडलवंड ५ टक्के धरून १८८ घनफूट. ३५.३१ ने भागलं की ५.३ घनमीटर. (बीमची मापं मी अंदाजाने घेतलीत, तुम्ही ड्रॉइंगमधली घाला. मधला बीम, छज्जा, जिना असेल तर तोही वेगळा मोजा.)

एम२० म्हणजे १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) प्रमाणाच्या काँक्रीटला घनमीटरमागे ५० किलोच्या साधारण ८ गोण्या लागतात. झाल्या ४३. स्लरीला (सिमेंट-पाण्याच्या पातळ घोळाला) वगैरे दोन जास्त, इतकंच. खडी १५८ घनफूट, म्हणजे दीड ब्रासच्या थोडी वर (१ ब्रास = १०० घनफूट). वाळू हिशोबाने ७९ घनफूट येते, पण ओली वाळू फुगते, कधी २०-३० टक्केसुद्धा. म्हणून सरळ एक ब्रास मागवा.

खरा घोळ जाडीत होतो. सेंटरिंग (स्लॅबखालचा फळ्यांचा साचा) सगळीकडे अर्धा इंच खाली बसलं, तर १२.५ घनफूट जास्त जातं, म्हणजे जवळपास तीन गोण्या! सळई बांधायच्या आधी दोरी ताणून लेव्हल बघून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही.

रेडीमिक्स घेणार असाल तर १.५४ ने गुणू नका. तो आकडा ओल्या काँक्रीटवरून सुका माल किती लागेल ते काढायला असतो आणि वरच्या ८ गोण्यांत तो आलेलाच आहे. प्लँटवाला ओलं काँक्रीट मोजून देतो, त्याला साडेपाच घनमीटर सांगा. थोडी जागा भरायची राहिली की ती पुन्हा मोजा आणि कमी पडणार असेल तर तेव्हाच फोन करा. आधीचं काँक्रीट धरायला लागल्यावर माल आला तर तिथे जोड राहतो आणि पुढे पाणी नेमकं तिथूनच झिरपतं.