नितळ, निवळ आणि गढूळ

प्रश्न असा आहे: पुण्यातल्या पाषाण तलावाच्या पाण्याच्या नोंदी मराठीत ठेवायच्या आहेत. काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून जे मोजतो, त्या रकान्यावर काय लिहावं: 'पारदर्शकता', 'गढूळता' की 'शुद्धता'?

मी 'नितळपणा' लिहीन. 'पारदर्शकता' चूक नाही, पण ती काचेला आणि हल्ली कारभाराला जास्त चिकटली आहे. पाण्याला आपण नितळच म्हणतो.

'गढूळता' मात्र इथे नको, कारण ते मोजमापच वेगळं. तबकडी दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी आपण मीटरमध्ये लिहितो. ही युक्ती आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने 1865 मध्ये भूमध्य समुद्रात वापरली. इथे आकडा मोठा तितकं पाणी नितळ. गढूळपणा मोजणारं यंत्र पाण्यातल्या कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतं आणि उत्तर एनटीयू या गढूळपणाच्या एककात देतं. तिथे आकडा लहान तितकं बरं: पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 1 एनटीयू ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 5. एकाच रकान्यात दोन्ही आले, तर वाचणारा उलटा अर्थ काढेल.

आता 'निवळ'. हा शब्द संस्कृत 'निर्मल'वरून आला. 'ग्राम'चं 'गाव' झालं तसा इथेही 'म'चा 'व' झाला. मला तो फार आवडतो, कारण त्यात वेळ आहे. नितळ पाणी असतं, निवळ पाणी होतं. जुलैत नळाला लालसर पाणी आलं की आई पातेल्यात तुरटी फिरवून म्हणायची, "निवळू दे जरा." शाळेतल्या प्रयोगातली चुन्याची निवळी तीच, आणि पाण्यातला गाळ खाली बसवणाऱ्या बीचं नावही निवळीच.

'शुद्धता' तर मुळीच नको. विरघळलेलं नायट्रेट तबकडीला दिसत नाही, रोगजंतूही डोळ्यांना दिसत नाहीत. नितळ पाणीही आजारी पाडू शकतं. उलट तबकडी लवकर दिसेनाशी झाली, तर ते मातीमुळे की शेवाळामुळे, हेही ती सांगत नाही. म्हणून शेजारी 'पाण्याचा रंग' असा एक रकाना जरूर ठेवा.