जुन्या मियाटाची प्लग-वायरी बदलूनही चढावर मिसिंग का जात नाही?

तुमचा प्रश्न असा: 1992 ची माझदा मियाटा, 1.6 लिटर. नवे प्लग, नव्या वायरी, पेट्रोल फिल्टर, सगळं झालं. गाडी उभी असताना शिवणयंत्रासारखी चालते, पण चढावर चौथ्या गिअरला पाय दाबला की झटके देते, म्हणजे ठिणगी चुकते (मिसिंग). आता ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवणारी ती महागाची कॉइल मागवू का?

एवढ्यात नको. आधी त्या नव्या वायरीच संशयाने बघा.

माझ्याकडेही हेच इंजिन होतं आणि 'वायरी नव्याच आहेत की' म्हणत मी दोन महिने भलतीकडे शोधत होतो. एका गॅरेजवाल्याने तर इंजेक्टर साफ करून त्याचे पैसेही घेतले. शेवटी वैतागून चारही प्लग काढून टेबलावर ओळीने मांडले. तीन स्वच्छ. चौथ्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली पेन्सिलने ओढावी तशी बारीक काळी रेघ. टॉर्च लावून वायरीच्या टोकाच्या रबरी बुटात, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या टोपणात पाहिलं, तर आतही तशीच रेघ. ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता त्या वाटेने थेट इंजिनच्या हेडमध्ये (सिलिंडरवरच्या धातूच्या भागात) उतरत होती. वायरी स्वस्तातल्या होत्या, दुसरं काय!

उभ्या गाडीत हे कळत नाही, त्याचं कारण साधं आहे. थ्रॉटल पूर्ण उघडला की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला व्होल्टेजही जास्त लागतं. मग वीज सोपी वाट शोधते. वरचा गिअर, कमी आरपीएम आणि चढ म्हणजे त्यासाठी अगदी आयता मुहूर्त.

तेव्हा प्लग काढा. प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीत तेल साचलंय का तेही बघा, कारण व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळत असेल तर ते तेल बुटाचं रबर खातं. प्लगची गॅप, म्हणजे टोकांमधलं अंतर, 1.1 मिमीच्या आसपास हवी. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर आणि कॉइलभोवती पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. कुठे निळी ठिणगी दिसली, टकटक ऐकू आली, तर चोर सापडला. हात मात्र लांब ठेवा, हा झटका विसरता येत नाही.

कॉइलबद्दल. या इंजिनात एक कॉइल 1 आणि 4 ला ठिणगी देते, दुसरी 2 आणि 3 ला. त्यामुळे कॉइल गेली तर बहुतेक वेळा जोडीच लंगडते. एकटाच सिलिंडर रुसला असेल तर कॉइलच्या आधी वायर, प्लग, इंजेक्टर यांच्याकडे बघा. 1 आणि 4 च्या वायरी कॉइलच्या टोकाला एकमेकींच्या जागी लावल्या तरी टायमिंग बिघडत नाही, दोघींना ठिणगी एकदमच मिळते. अदलाबदल करून दोष दुसऱ्या सिलिंडरवर गेला का ते बघा. अमेरिकेतल्या 1996 पासूनच्या गाड्यांमध्ये स्कॅनर सिलिंडरचा नंबर सांगतो, आपल्याला ती चैन नाही. आपण पुण्यात स्कूटरचा प्लग पॉलिश पेपरने घासत मोठे झालेले लोक, जमेल.

इथेही काही निघालं नाही, तर एअर फ्लो मीटरपासून (आत जाणारी हवा मोजणाऱ्या मीटरपासून) थ्रॉटलकडे जाणारा रबरी पाइप काढून हातात वाकवून बघा. पाय दाबला की इंजिन माउंटिंगवर पिळलं जातं, तेव्हा पाइपच्या घड्यांमधली चीर उघडते आणि मीटरने न मोजलेली हवा आत शिरते. गाडी उभी केली की चीर मिटते. पाइप जागेवर असताना वरून बघून ही सापडत नाही.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणं, सर्वात शेवटी. चारही आकडे जवळजवळ हवेत. एकच कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून परत मोजा: वाढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह.

आणि रेघ पडलेला प्लग सापडला तर वायर आणि प्लग दोन्ही एकदम बदला. मी आधी फक्त वायर बदलली होती. जुन्या प्लगने आठवड्याभरात नव्या बुटालाही तीच रेघ पाडली.