फंड जास्त म्हणजे सीट जास्त? तळापासून सांगतो

प्रश्न असा होता की ज्या पक्षाकडे फंड जास्त तोच लोकसभा मारतो का, आणि निवडणूक रोखे (स्टेट बँकेकडून विकत घ्यायचे आणि नाव बाहेर न येता पक्षाला देणगी म्हणून द्यायचे) बंद झाल्यावर काही बदललं का. मी एकदा एका उमेदवाराचं खर्चाचं रजिस्टर सांभाळलंय, त्यामुळे तिथूनच सुरू करतो.

मोठ्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाख, गोव्यासारख्या ठिकाणी ७५. ऐकायला बक्कळ वाटतं. पण महाराष्ट्रात एका लोकसभेत सहा विधानसभा, साधारण १९ लाख मतदार आणि २,००० च्या आसपास बूथ, भागाकार करून बघा, मतदारामागे पाच रुपये आणि बूथमागे पावणेपाच हजार. त्यात स्लिपा, गाड्या, डिझेल, फ्लेक्स आणि पोरांचा चहा-वडापाव. वर परत जिल्ह्याचं दरपत्रक असतं, खुर्ची एवढ्याला, मंडप एवढ्याला, तुमच्या मामाने फुकट दिला तरी वहीत तो भाव लावूनच लिहायचा.

आता गंमत बघा, पक्षाने पक्षाचा प्रचार म्हणून केलेल्या खर्चाला मर्यादाच नाही. १९७४ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरा, तर सरकारने लगेच कायदाच बदलून टाकला. त्यामुळे आमच्यासारख्यांचं अर्धं काम काय, तर मोठ्या नेत्याच्या सभेत उमेदवाराचा फोटो आणि नाव बॅनरवर येऊ न देणं, कारण आलं की खर्च आपल्या वहीत. आमचे साहेब एकदा हार घालायला म्हणून स्टेजवर चढले, मी खाली कपाळाला हात लावून उभा, शेजारच्या मतदारसंघाचा उमेदवारही वरच, झालं, मंडप, खुर्च्या, लाऊडस्पीकर सगळ्याचे भाग पाडून आमच्या वाट्याचा लिहावा लागला.

म्हणजे मर्यादा दोघांना सारखी दिसते, पण ज्या पक्षाची तिजोरी भरलेली आहे त्याचं टीव्ही, मोबाईल, हेलिकॉप्टर सगळं वरून येतं आणि गरीब पक्षाच्या उमेदवाराला त्याच पाच रुपयांत भागवायचं असतं.

तरी 'पैसा = विजय' असं सरळ नाहीये. स्टेट बँकेला रोख्यांचे जे आकडे द्यावे लागले (एप्रिल २०१९ ते फेब्रुवारी २०२४) त्यात भाजप ६,००० कोटींच्या वर, तृणमूल १,६०० च्या आसपास, काँग्रेस १,४०० च्या वर, बीआरएस १,२०० च्या वर. आता बीआरएस म्हणजे तेलंगणातला पक्ष, लोकसभेच्या जागा १७, आणि फंड जवळपास काँग्रेसइतका! कारण तेव्हा तिथे सरकार त्यांचं होतं. देणारा बघतो टेंडर कोण काढतो आणि फाईलवर सही कोणाची. सरकार गेलं, आणि २०२४ ला लोकसभेत बीआरएसला भोपळा. ओडिशातल्या बिजू जनता दलाचंही तेच, रोखे ७०० कोटींच्या वर, लोकसभेत खासदार शून्य. उलट काँग्रेस मार्च २०२४ मध्ये पत्रकार परिषद घेऊन सांगत होती की खाती गोठवलीत, प्रचाराला पैसे नाहीत (आयकर खात्याचं म्हणणं होतं जुनी थकबाकी आहे), आणि तरी ५२ वरून ९९ वर गेली. भाजप ३०३ वरून २४० वर.

माझ्या मते खरा फरक तिकीट वाटताना पडतो. पक्षाकडे पैसे नसले की मुलाखतीत कामाचं कोणी विचारत नाही, सरळ विचारतात, "तुमची तयारी किती?" तयारी म्हणजे काय ते समोरच्याला बरोबर कळतं. मग शाळामास्तर, कार्यकर्ते घरी, आणि साखर कारखाना नाहीतर बिल्डरकी असलेला माणूस उमेदवार.

आणि रोख्यांचं, १५ फेब्रुवारी २०२४ ला कोर्टाने ते रद्द केले, पण कंपन्यांचा पैसा थांबला नाही, आता इलेक्टोरल ट्रस्टकडून (कंपन्यांच्या देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्था) चेकने जातो. निदान कोणी दिला आणि कोणाला गेला ते वर्षाच्या शेवटी कागदावर येतं, तेही मतदान उरकल्यावर.