विचारा की! – ड्रॉवरमधली भरलेली बंदूक आणि रात्री तीनचा चहा

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही डॅलसच्या वर फ्रिस्कोत राहतो, गेल्या वर्षीच ग्रीन कार्ड झालं. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६. दिवाळीनंतर आमच्या सबडिव्हिजनमध्ये दोन देशी घरं फुटली आणि दोन्हीकडे फक्त सोनं नेलं, टीव्ही-लॅपटॉपला हातसुद्धा लावला नाही. शेजारचा अमेरिकन चांगला माणूस आहे, तो म्हणतो एक नाइन एमएम पिस्तूल घे आणि भरून नाइटस्टँडच्या ड्रॉवरमध्ये ठेव, कुलपात ठेवलेली बंदूक म्हणजे नसल्यातच जमा. मला पटतंय. बायको म्हणते बंदूक घरात आली तर मी मुलांना घेऊन बहिणीकडे जाते. मार्चमध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत. काय करू? – एक बाबा, फ्रिस्को

उत्तर: आई-बाबा येतायत हे तुम्ही अगदी शेवटी लिहिलंत, मी तिथूनच सुरू करते.

आमच्या ह्यांचं रिव्हॉल्वर पूर्वी असंच असायचं. ह्यूस्टनला नवीन घर घेतलं तेव्हा असंच कुणीतरी सांगितलं म्हणून घेतलं, भरलेलं, ह्यांच्या बाजूच्या ड्रॉवरमध्ये, वर रुमाल टाकून. मीही काही बोलले नाही, खोटं कशाला सांगू, मला तेव्हा बरंच वाटायचं. मग सासूबाई पहिल्यांदा कराडहून आल्या. तिसरीच रात्र, जेट लॅग, रात्री तीनला टक्क जाग्या. चहा करून घ्यावा म्हणून अंधारात किचनमध्ये गेल्या. आता आपल्याकडे बटण खाली केलं की दिवा लागतो, इथे वर केलं की लागतो, त्यात इथे सिंकच्या शेजारी एक बटण असतं ते दिव्याचं नसतंच, गार्बेज डिस्पोजलचं असतं, म्हणजे सिंकमध्ये खरकटं दळणाऱ्या यंत्राचं. ते दाबलं गेलं. आत चमचा होता. जो काय आवाज झाला म्हणता!

हे उठले, रिव्हॉल्वर घेऊन पॅसेजमध्ये. मी मागे. किचनमध्ये एक काळी आकृती, अंगावर शाल, हातात काहीतरी चकाकतंय. हे ओरडले इंग्रजीत, "हू इज दॅट?" आता तीस वर्षांत ज्या मुलाने आईशी एक शब्द इंग्रजीत काढला नाही त्याचा आवाज तिने कसा ओळखायचा, आणि त्यात त्या घाबरलेल्या. उत्तरच नाही. आकृती वळली, आमच्या दिशेने एक पाऊल आली, आणि मग आवाज आला, "बाळ्या, अरे चहाची पूड कुठं ठेवलीय तुम्ही?" हातात सांडशी होती.

हे तिथेच कार्पेटवर खाली बसले. सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत होतं की बाळ्या आईसाठी झोपेतून उठून आला. आम्ही कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, हे दुकान उघडायच्या आधी सेफ आणायला दारात उभे होते.

आता तुमचं. टेक्सासचा कायदा तुमच्या शेजाऱ्याच्या बाजूने आहे हे खरंच. घरात जबरदस्तीने घुसलेल्यापासून आधी पळून जायला हवं अशी अट इथे २००७ पासून नाही, आणि २०२१ पासून तर परमिट नसतानाही बहुतेक सज्ञान माणसं हँडगन बाळगू शकतात. पण तो तुम्हाला हे सांगायचं विसरला की याच टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं आणि ती त्याला मिळणं हा गुन्हा आहे, चेंबरमध्ये (उडायच्या जागी) गोळी नव्हती, नुसती मॅगझिनमध्ये (गोळ्यांच्या पेटीत) होती, तरीसुद्धा. मुलाच्या हातून ती उडून कुणी गंभीर जखमी झालं किंवा गेलं तर गुन्हा आणखी मोठा. आणि हवा कुठल्या दिशेने वाहतेय तेही बघा, मिशिगनमध्ये २०२१ साली १५ वर्षांच्या मुलाने शाळेत चार मुलं मारली, तर २०२४ मध्ये त्याच्या आई आणि वडील दोघांना वेगवेगळ्या खटल्यांत दोषी धरून दहा ते पंधरा वर्षं आत पाठवलं. बंदूक घरात नीट कुलपात नव्हती हा त्यातला मोठा मुद्दा होता.

"माझी मुलं ड्रॉवरला हात लावत नाहीत" हे मला लिहू नका. दिवाळीत चकल्यांचा डबा कुठे लपवला होता ते त्यांना माहीत होतं की नाही, एवढंच आठवा. अमेरिकेत २०२० पासून मुलं आणि टीनएजर यांच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण बंदूक आहे, गाडीचे अपघात मागे पडले. यातले बरेच खून आहेत हे मान्य, सगळं ड्रॉवरमुळे नाही. पण ड्रॉवरवाला भाग असा आहे की तो पूर्णपणे आपल्या हातात असतो.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांत कुणी बोलत नाही. २०२२ साली अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांवर माणसं गेली, त्यातली २७ हजारांवर आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. मनात तो विचार येतो तेव्हा बऱ्याचदा ती वेळ थोडीच असते, टळली की माणूस वाचतो, मदत मिळते, पुढे नीट जगतो. हाताशी भरलेली बंदूक असेल तर ती वेळ टळायला वावच राहत नाही. तुम्ही म्हणाल आमच्याकडे तसं कुणी नाही. मुलगी आत्ता ११ची आहे, चार वर्षांनी १५ची होईल, हायस्कूल, मार्कांचं टेन्शन, मैत्रिणींची भांडणं. नोकरीत लेऑफ होतात. सहा महिने सबडिव्हिजनमध्ये गाडीशिवाय अडकलेले वडील दुपारी काय विचार करत बसतात ते आपल्याला कुठे माहीत असतं. (कुणाच्या घरात आत्ताच अशी काळजी असेल तर मदतीचे फोन नंबर: अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेलिमानसचा १४४१६, दोन्ही दिवसरात्र चालू असतात, आणि बंदूक असेल तर ती तेवढ्या दिवसांसाठी घराबाहेर काढा, बाकी सगळं नंतर.)

तिसरं म्हणजे भिंती. आपण विटांच्या घरात वाढलो म्हणून लक्षात येत नाही, इथली आतली भिंत म्हणजे दोन बाजूंनी शीटरॉक (जिप्समचे पातळ बोर्ड) आणि मध्ये पोकळी. पंचा वाळत घालायला खिळा मारला तर आरपार जातो. नाइन एमएमची गोळी अशा एकापेक्षा जास्त भिंती भेदते. तुमच्या बेडरूमच्या दारातून जिन्याच्या दिशेने नेम धरलात तर त्या रेषेत पुढे कुणाची खोली आहे? आज रात्री उभं राहून बघा. सहा वर्षांच्या मुलाची असेल असं मला वाटतंय.

आणि दारात आलेला प्रत्येक जण चोर नसतो. १९९२ मध्ये लुइझियानात बॅटन रूजला १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला जाताना पत्ता चुकून भलत्या घरी गेला, घरमालकाने "फ्रीझ" म्हटलेलं त्याला कळलं नाही, गोळी लागून गेला. घरमालक फौजदारी खटल्यात सुटला पण दिवाणी दाव्यात साडेसहा लाख डॉलरची भरपाई त्याच्यावर लागली. मला ही केस वाचली की ती शाल आणि सांडशी आठवते, दुसरं काही नाही.

आता सोनं. ही चोरी खरी आहे, देशी घरं सोन्यासाठी हेरली जातात हे बऱ्याच राज्यांतल्या पोलिसांनी सांगितलंय. पण हे लोक येतात कधी? घर रिकामं असताना. लग्नाला, मंडळाच्या कार्यक्रमाला, थँक्सगिव्हिंगला बाहेरगावी गेलेलो असताना. इथल्या फेडरल सरकारच्या जुन्या आकडेवारीत घरफोडीच्या वेळी घरात कुणीतरी असण्याचं प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही तिथे नसणारच, मग ड्रॉवरमधली बंदूक काय करणार? सोन्याबरोबर तीही जाणार, आणि चोरीच्या बंदुका पुढे कुठे जातात ते सांगायला नको. तेव्हा आधी पाटल्या-बांगड्या बँकेच्या लॉकरमध्ये टाका. लक्ष्मीपूजनाला काढलं तर भाऊबीजेनंतर परत, "पुढच्या वीकेंडला ठेवू" नाही. घराच्या इन्शुरन्समध्ये दागिन्यांच्या चोरीला साधारण दीड हजार डॉलरचीच मर्यादा असते, सोन्याच्या आजच्या भावात त्यात एक बांगडीसुद्धा येत नाही, म्हणून वेगळा रायडर (दागिन्यांचं जास्तीचं कव्हर) घ्या, फोटो आणि पावत्या काढून ठेवा. कॅमेरा, मागच्या स्लायडिंग दाराला आडवा दांडा, हे सगळं मिळून बंदुकीपेक्षा स्वस्त पडेल.

एवढं ऐकूनही घ्यायचीच असेल तर घ्या, मी नको म्हणणारी कोण, आमच्याकडे अजून आहे. पण ड्रॉवर नाही. पलंगाजवळ पक्की बोल्ट केलेली छोटी सेफ मिळते, बटणांच्या कोडवर काही सेकंदांत उघडते, त्यामुळे शेजाऱ्याचं "कुलपातली म्हणजे नसल्यातच जमा" हे आता जुनं झालं. कोड मुलांची जन्मतारीख नको. बॅटरी दर दिवाळीला बदला. हँडगन दुकानातून घेताना सोबत लॉक द्यावंच लागतं, २००५ पासून तसा कायदा आहे, आणि केबल लॉक बऱ्याच पोलीस डिपार्टमेंटमध्ये फुकटसुद्धा मिळतं. दोघांनी मिळून क्लास करा, म्हणजे बायकोनेही. ती तयार नसेल तर विषय तिथेच संपला, घर दोघांचं आहे, आणि तिचं भांडण तुमच्याशी नाहीये हो, ड्रॉवरशी आहे, विचारून बघा.

आणि आई-बाबा आले की किचनमध्ये नाइट लाइट लावा आणि डिस्पोजलच्या बटणावर मराठीत चिठ्ठी चिकटवा.

प्रश्न: मी एच-वन-बी वर आहे, अर्व्हिंगला. रूममेट ग्रीन कार्डवाला आहे, तो म्हणतो बंदूक माझ्या नावावर घेतो, पैसे तू दे, ठेव तुझ्या खोलीत. चालेल ना? – एक वाचक

उत्तर: नाही, अजिबात नाही. टेक्सास कितीही मोकळं असू दे, हा फेडरल कायदा आहे, एच-वन, एच-फोर, एफ-वन असल्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, गोळ्याही जवळ बाळगता येत नाहीत. वैध हंटिंग लायसन्स असेल तर सूट आहे म्हणतात आणि ती आहेही, पण ती वकिलाला विचारल्याशिवाय वापरू नका. आणि दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी बंदूक घेणं याला इथे स्ट्रॉ पर्चेस म्हणतात, २०२२ च्या कायद्याने त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे तुमचा मित्रही आत जाईल. दुकानात जो ४४७३ नंबरचा फॉर्म भरतात त्यात विचारतात की ही खरी कुणासाठी घेताय, तिथे खोटं लिहिणं हाच एक गुन्हा. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर डिपोर्टेशन, मग ग्रीन कार्डची रांग वगैरे सगळं विसरा. दाराला चांगली कडी लावा आणि झोपा.

प्रश्न: आमचं गाव सावंतवाडीजवळ. वडिलांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, डुकरं-माकडं हाकलायला. वडील दीड वर्षापूर्वी गेले. बंदूक माळ्यावर गोणपाटात गुंडाळून आहे, भरलेली आहे की नाही कुणालाच माहीत नाही. काका म्हणतात राहू दे, घराला आधार. मी पुण्यात असतो, पुढच्या महिन्यात जाताना घेऊन येऊ का? – एक वाचक, पुणे

उत्तर: घेऊन येऊ नका, आणि काकांना सांगा हातही लावू नका. परवाना वडिलांच्या नावावर होता, तो वारसाहक्काने मिळत नाही, जमिनीसारखा सातबारा नसतो त्याला. धारक गेला की शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं असतं, तुमचं दीड वर्ष आधीच झालंय. हवी असेल तर वारस म्हणून स्वतःच्या नावाचा अर्ज करता येतो, गावाकडे तो जिल्हाधिकारी कार्यालयात, पण तोवर ती तुमच्याकडे असणं म्हणजे विनापरवाना शस्त्र, आणि एसटीतून पुण्याला आणलीत तर त्यात आणखी भर.

ठासणीच्या बंदुकीचा घोळ असा की तोंडातून दारू-छर्रे भरून गज मारून ठेवलेली असली तर बाहेरून काही दिसत नाही, आणि जुनी दारू मेली असेल अशा भरवशावर चाप ओढून बघणारे शहाणे गावात असतातच. तसलं काही करायचं नाही. आधी ठाण्यात फोन करा, वडिलांचा परवाना आणि मृत्यू दाखला घेऊन जा, बंदूक माळ्यावर आहे आणि भरलेली असू शकते असं स्पष्ट सांगा आणि ती कशी आणायची ते त्यांनाच ठरवू दे. आणि मे महिन्यात भाचरं येतात ना? माळ्याची शिडी आजच काढून शेजाऱ्यांकडे ठेवायला सांगा.