वाचकांचे प्रश्न : ऑर्गनवरून पडद्याकडे

प्रश्न : दिवाळी ते होळी या हंगामात मी झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांत ऑर्गन वाजवतो, उरलेले महिने घरची धानशेती असते. ए. आर. रहमान हे आधी रॉक बँडमध्ये कीबोर्ड वाजवत, असे वाचनात आले. वाजवणाऱ्याचा संगीतकार नेमका कसा होतो? त्यासाठी आधी मुंबई गाठावी लागेल का?
– एक वाचक, ता. देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली

उत्तर : रॉक बँडचा उल्लेख खरा आहे. मद्रासमध्ये ‘रूट्स’ आणि ‘नेमेसिस ॲव्हेन्यू’ या बँडमध्ये रहमान कीबोर्ड वाजवत असत. परंतु संगीतकार घडला तो केवळ तिथे नव्हे. मल्याळी चित्रपटांना संगीत देणारे त्यांचे वडील आर. के. शेखर १९७६ मध्ये वारले, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता; वडिलांची वाद्ये भाड्याने देऊन घर चालले आणि लवकरच तो स्वतः इळैयाराजा यांच्यासारख्या संगीतकारांकडे कीबोर्ड वाजवू लागला. दुसऱ्याच्या प्रसंगासाठी, दुसऱ्याच्या सांगण्यावरून वाजवणे ही त्यांची पहिली शाळा.

दुसरी, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची शाळा म्हणजे जाहिराती. १९९२ च्या ‘रोजा’पूर्वी काही वर्षे त्यांनी जाहिरातींचे संगीत केले, आणि याच कामातून त्यांचे नाव ‘रोजा’चे दिग्दर्शक मणिरत्नम यांच्यापर्यंत पोहोचले. (पहिल्याच चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे सर्वांना ठाऊक आहे, त्याआधीचे काम फारसे कुणी आठवत नाही.)

जाहिरात तीस सेकंदांची असली की एकतिसावा सेकंद मिळत नाही. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर तीस सेकंदांत ६० मात्रा बसतात. म्हणजे आठ मात्रांच्या केरवा तालाची सात आवर्तने होऊन चार मात्रा उरतात आणि शेवट अर्ध्या आवर्तनावर तुटतो. लय १२८ केली की ६४ मात्रा होतात, आठ आवर्तने पूर्ण होतात आणि उत्पादनाचे नाव नेमके समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आणता येते. सहा मात्रांचा दादरा घेतला, तर १२० लाच दहा आवर्तने भरतात. चित्रपटाचे पार्श्वसंगीतही बरेचसे असेच मोजून केले जाते.

तुम्ही निम्मे काम आजही करत आहात, याची कदाचित तुम्हाला जाणीव नसावी. रात्री दोनच्या सुमारास खलनायक विंगेतून बाहेर पडताना तुम्ही त्याच्या पावलाकडे पाहून सूर लावता, आणि तो संवाद विसरला तर तोच सूर लांबवून त्याला सांभाळून घेता. पडद्यावरचा नट मात्र तुमच्यासाठी थांबत नाही. चित्र कापून पक्के झालेले असते आणि सुरालाच त्याच्या मापात बसावे लागते. उरलेले निम्मे काम ते हेच, आणि ते रंगमंचावर शिकता येत नाही.

मुंबईविषयी सांगायचे, तर रहमान यांनी आपला स्टुडिओ चेन्नईत, राहत्या घराच्या आवारात उभारला. तुम्हाला तूर्त एक कीबोर्ड, ध्वनिमुद्रणाची सोय असलेला साधा संगणक आणि होळीनंतर रोवणीपर्यंतचे मोकळे दिवस पुरेत. ओळखीच्या एखाद्या प्रसंगाचे तीस सेकंदांचे चित्रण घ्या, आवाज बंद करा, पाऊल कोणत्या सेकंदाला पडते ते कागदावर लिहा आणि त्यानंतरच पट्टीवर बोट ठेवा.